मामांचा बंब

माणसाला भूल देणारे पुष्कळ असतात. पण लाकडाला भूल देणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचा मामा. मामा अमेरिकेत बफेलोच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. ऐंशीच्या दशकात तिकडे घरोघरी लाकडाचे स्टोव्ह आले, तसा मामांनीही दिवाणखान्यात एक बसवला. साधा नव्हे, कॅटॅलिस्टवाला. म्हणजे आत मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी, तिच्यातून जाताना धूरसुद्धा जळायचा आणि एकदा भरलेली लाकडं रात्रभर पुरायची. मामी त्याला बंब म्हणत. मामांना ते आवडत नसे, आणि म्हणूनच मामी म्हणत.

स्टोव्ह पेटवणं हे मामांच्या लेखी ऑपरेशनच होतं. आधी बायपासचा दांडा ओढून धूर सरळ धुराड्यात जाऊ द्यायचा. थर्मामीटरचा काटा पाचशे फॅरनहाइटच्या पुढे गेला की मगच दांडा बंद करून धूर जाळीकडे वळवायचा. तोवर मामा खुर्ची टाकून काट्यासमोर बसत. एकदा पाहुणे बेल वाजवून थकले आणि मागच्या दाराने आत आले, तर मामा मान न वळवता म्हणाले, "पेशंट अंडर जातोय, भूल चढतेय, जरा शांत बसा." लाकूड नीट वाळलेलं हवं, म्हणून आल्यागेल्याच्या हाती दोन ओंडके देऊन ते एकमेकांवर आपटायला लावत. खणखणीत वाजले तर पास. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत आणि बादली बाहेर बर्फात, घरात कधीच नाही. मी एकदा मिठाईच्या खोक्याचा चकचकीत कागद आत टाकायला निघालो, तर माझं मनगट धरून म्हणाले, "जावईबापू, कॅटॅलिस्टला पॉयझन करताय. असल्या कागदाच्या धुरानं जाळी निकामी होते." तो कागद मी खिशात घालून घरी आणला.

मामींची मागणी मात्र एकच होती, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. विजेच्या शेगडीवर वांगं शिजतं, भाजत नाही, हे त्यांचं अमेरिकेतलं मोठं दुःख.

"एवढे निखारे फुकट चाललेत. एक वांगं टाकू द्या की."

"लाकडाशिवाय आत काही जाणार नाही. आणि लाँग बर्न, म्हणजे रात्रभराची मंद जळण, चालू असताना दार उघडायचं नाही."

"ऑपरेशन चालू असताना तुम्ही कॉफी प्यायला बाहेर येता, ते चालतं?"

हे दर हिवाळ्यात चाले.

मग एका हिवाळ्यात मामींची केमो सुरू झाली आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. खिचडी, सूप, काहीही द्या, सगळं मातीसारखं लागे. त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. आम्ही भेटायला गेलो त्या दुपारी स्टोव्ह मस्त लागला होता, काचेआड निखारे रसरसत होते. मामी सहज म्हणाल्या, "आज बंब छान तापलाय."

मामा उठले. फ्रिजमधून वांगं काढून त्याला तेलाचा हात लावला. बायपासचा दांडा ओढला, धूर वर जाऊ दिला, दार बोटभर किलकिलं केलं, जरा थांबले, मग पूर्ण उघडून वांगं निखाऱ्यांवर ठेवलं. काटा खाली खाली येत गेला. मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भरीत त्यांनीच कालवलं, कांदा ओबडधोबड चिरून. मामींनी घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.

मामा मीठ आणायला म्हणून गेले, ते बराच वेळ स्वयंपाकघरातून आलेच नाहीत. मामी हळूच मला म्हणाल्या, "बंब विझला नाही ना, बघा हो. त्यांचा जीव आहे त्यात."

विझला नव्हता. मी एक ओंडका आत सारला, दार लावलं आणि मामांच्या खुर्चीत बसून काटा चढायची वाट बघत राहिलो.