आग्रहाविना कस्टर्ड

सकाळपासून ढग दाटलेले, वारा मेलेला, आणि गोडकाका मागच्या आवारात कस्टर्डचं पातेलं ढवळत घामाने निथळत होता. उभा जन्म त्याने जेवणावळींत गोड वाढण्यात घालवला. त्याच्या आग्रहापुढे भल्याभल्यांनी हात टेकलेले. लेकीच्या सासरीही रुबाब होता, "आमचे व्याही गोडावर असतात."

आज मात्र ठेकेदाराने बजावलं, "साहेबांच्या निवृत्तीचं जेवण आहे. निम्मे पाहुणे शुगरवाले. साहेबांच्या मुलीने सांगितलंय, एकदा विचारायचं, नको म्हटलं की पुढे. एक तक्रार आली, तर गोडावरून उठलास म्हणून समज."

पहिल्याच टेबलावर एका म्हाताऱ्या मास्तरांनी वाटीवर पंजा धरला. बोटं अशी फाकलेली, की मधून डाव आरामात गेला असता.

"नको हो, मला शुगर आहे."

"बरं," म्हणून काका पुढे सरकला.

"अहो, निघालात कुठे?"

"आपण नको म्हणालात."

"पहिल्यांदा तसंच म्हणायचं असतं."

शेजारी बसलेली त्यांची बायको गालात हसली. "आणि घरी येऊन सांगायचं, वाढप्याने ऐकलंच नाही."

सगळीकडे हीच गत. शुगरवाला माणूस स्वतः कधी गोड खात नाही, त्याला लोक खायला घालतात. काकाने ते पाप डोक्यावर घ्यायचं सोडलं आणि सगळे उघडे पडले. कुजबुज उठली, वाढपी माजलाय.

साहेबांची मुलगी धावत आली. "काका, जरा आग्रह करा ना. वाढू नका, नुसता करा."

"ताई, हे म्हणजे जेवायला बोलवायचं आणि आतून कडी लावायची."

ते ऐकून ठेकेदाराने डाव काढून घेतला. "तक्रार आली ना? जा, भांडी घास."

"सांगितलं तेच केलं की."

"सांगितलेलं किती ऐकायचं, याला अक्कल लागते."

काका मोरीपाशी बसला, तोच मास्तर रुमालाखाली वाटी लपवून आले. "बायको हात धुतेय. पातेल्यातलं खरवडून द्या. तुम्हीच आग्रह केलात म्हणेन. ठेकेदाराकडे शब्दही टाकतो, उद्या परत गोडावर घेईल तुम्हाला."

काकाचा हात पातेल्याकडे गेला. व्याह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग त्याने मास्तरांच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं.

"मास्तर, आता मी भांड्यांवर आहे. आग्रहाचं खातं दुसऱ्याकडे गेलं."

पातेल्यात पाणी ओतून त्याने कडांना चिकटलेलं कस्टर्ड घासायला घेतलं.