कानिफनाथांच्या घड्याळांचे दोन वाटे

कोपरगावात बस स्टँडसमोर कानिफनाथ शेळक्यांचं घड्याळाचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. जिना उतरताना कानावर पडायचा तो घड्याळांचा नव्हे, कानिफनाथांचा आवाज.

“हे घड्याळ न्हाई, बांगडी हाय. बायकोला द्या.”

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार होता. कंपन्यांची नवी चकचकीत शोरूम उघडली होती. लग्नात जावयाला नवं घड्याळ आलं की जुनं सेलवालं घड्याळ घेऊन माणसं इथं यायची. कारखान्यातले कामगार, एसटीचे कंडक्टर, आखाती देशांतून परतलेले फिटर. रुमालात गुंडाळून आणलेलं घड्याळ ती काचेवर ठेवायची आणि कानिफनाथांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

कानिफनाथ घड्याळ आधी पालथं करायचे. डायलकडे बघायला त्यांना घाई नसे. मागच्या झाकणावरचे ओरखडे बघून किती अडाण्यांनी ते उघडलंय हे ते सांगायचे. मग अंगठा कडेवरून फिरवायचे. “पॉलिशचा बफ मारून मारून कडा घालवल्यात. साबनाची वडी झालीय.” सेकंदाचा काटा खुणेवर पडतो की खुणेच्या अलीकडे, आकडे मूळचे आहेत की कुणी रंगवलेले, झाकणाखाली मशीन धातूचं आहे की प्लास्टिकचं, हे सगळं ते भिंगातून बघायचे आणि प्रत्येक पायरीवर एक शिवी ठेवायचे. शिव्या घड्याळाला असायच्या, पण लागायच्या माणसाला. पुणतांब्याच्या एका म्हाताऱ्याने एकदा घड्याळ परत खिशात घालत म्हटलं होतं, “कानिफनाथ, इकत घेऊ नको, पन एवढं मारू तरी नको.”

धाकटे भाऊ सहादेव याच्या उलट. घड्याळाच्या पोटात काय असतं ते त्यांना कधी कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या पोटात काय आहे ते मात्र बरोबर कळायचं. ते पुढे बसत. जुन्या घड्याळांना बफ मारायचं, डायल शहरातून रंगवून आणायची, नवा पट्टा चढवायचा आणि हसत विकायचं, हे त्यांचं काम. कानिफनाथांना ते सहन होत नसे. पण वर्षानुवर्षं दोघांनी ते एकाच गाळ्यात सहन केलं. मागे एक कुरकुरणारा पंखा आणि पुढे एक गोड आवाज.

एका बाजारच्या दिवशी ते संपलं. सहादेव एका नवरीच्या बापाला निळ्या डायलचं घड्याळ दाखवत होते. “एकदम ओरिजिनल, पाव्हणं.”

मागून भिंग न काढताच कानिफनाथ बोलले, “डायल रंगवलेली हाय. बाराचा आकडा बघा, आळी चालल्यागत दिसतोय.”

पाहुणे उठून गेले. सहादेवांनी त्या घड्याळाची पेटी मिटली आणि म्हणाले, “दादा, आता पुरं. वाटे पाड.”

त्यांच्या घरात रीत होती: थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. भांडी अशीच वाटली गेली होती, बैलही. थोरल्याने लबाडी करू नये म्हणूनच ही रीत. वाटे असमान पाडले तर चांगला वाटा धाकटा उचलणार. पण घड्याळांच्या बाबतीत ही रीत लंगडी होती, कारण चांगलं कुठलं हे दोघांपैकी एकालाच कळत होतं. गाळ्याचा प्रश्न नव्हता. तो कानिफनाथांच्या नावावर होता, आणि सहादेवांनी रस्त्यापलीकडे टपरी ठरवली होती. प्रश्न मालाचा होता. आणि कानिफनाथांसाठी त्या मालातल्या एकाच घड्याळाचा.

ते घड्याळ आखाती लढाईनंतर कुवेतहून परतलेल्या एका फिटरने आणून विकलं होतं. जपानी, स्टीलचं, सत्तरच्या दशकाच्या शेवटचं. सेलवाल्या घड्याळांच्या अगदी पहिल्या पिढीतलं. तेव्हा कारागीर त्यांच्यावरही किल्लीच्या घड्याळांसारखीच मेहनत घेत. काळसर डायल, कडा अजून धारदार, आत धातूचं जड मशीन. कानिफनाथांनी त्यातला सेल काढून ठेवला, घड्याळ एका छोट्या डबीत घातलं आणि डबी खणात मागे सरकवली. मधूनच ते ती उघडायचे, अंगठा कडेवरून फिरवायचे, परत झाकण लावायचे. त्यांची बायको लंकाबाई म्हणायच्या, “पोराच्या तोंडावरून कधी असा हात फिरवला न्हाई ह्या माणसानं.”

वाटणीला पंच म्हणून माझ्या वडिलांना, शरच्चंद्र मास्तरांना, बोलावलं. मी चहा घेऊन खाली गेले आणि दारातच उभी राहिले. काचेवर धुतलेलं धोतर अंथरलं होतं. कानिफनाथ एकेक घड्याळ उचलत होते आणि दोन ढिगांत टाकत होते. डावीकडच्या ढिगात सोनेरी पाणी दिलेली, नवे पट्टे चढवलेली, चालू घड्याळं. उजवीकडे मळकी, बंद, बिनपट्ट्याची. डावा ढीग सकाळच्या उन्हात लखलखत होता. वडिलांनी चष्म्यावरून कानिफनाथांकडे बघितलं.

“कानिफनाथ, वाटे सारखे आहेत ना?”

“मास्तर, तुमच्या देवाची शपथ.”

“माझ्या का? तुझा देव कुठे गेला?”

सहादेव हसले नाहीत. ते ढिगांकडेही बघत नव्हते. भिंतीला टेकून भावाच्या तोंडाकडे बघत होते.

कानिफनाथांचं तोंड चालू होतं. “हे भंगार. हे लगीनघाईतलं. हे नुसतं पत्र्याचं, वर सोन्याची थुंकी. ह्याचं मशीन प्लास्टिकचं, पोरानं जत्रंत घ्यावं असलं.” डावा असो की उजवा, कुणाची सुटका नव्हती. मग त्यांनी डबी उघडली, ते स्टीलचं घड्याळ काढलं आणि उजव्या ढिगात, इतरांच्या खाली सरकवलं. काही न बोलता. पुढचं घड्याळ उचललं आणि शिव्या पुन्हा सुरू झाल्या.

“झालं,” कानिफनाथ म्हणाले. “उचल.”

सहादेव पुढे आले. हात डाव्या ढिगावर नेला. कानिफनाथांच्या मानेवरची शीर जरा सैलावलेली मला दिसली. सहादेवांनाही दिसली असावी, कारण हात तसाच उजवीकडे गेला आणि त्यांनी मळक्या ढिगाची धोतराची बाजू गोळा केली.

“हा माझा.”

“सहाद्या, बंद घड्याळं हायती ती.”

“असू दे.”

“अक्कल हाय का तुला? तिकडं चालू माल हाय. ह्याचं तू काय करनार?”

“मला घड्याळातलं कळत न्हाई, दादा. तुझ्यातलं कळतं. समद्यांचा उद्धार केलास. एकाला तेवढं काय बोलला न्हाईस.”

कुणीच चहाला हात लावला नाही. वडिलांनी कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. कानिफनाथांची सही कागद फाडून खालच्या काचेवर उमटली.

सहादेवांची टपरी रस्त्यापलीकडे, नेमकी समोर उभी राहिली. काचेच्या कपाटात मधोमध त्यांनी ते स्टीलचं घड्याळ टांगलं. बंद घड्याळाकडे गिऱ्हाईक वळत नाही, म्हणून बाजारातल्या एका पोराकडून स्वस्तातला सेल त्यात घालून घेतला. काटा फिरू लागला. ते त्यांना विकायचं नव्हतंच. ते तिथं कानिफनाथांना दिसावं एवढ्यासाठीच होतं, आणि कानिफनाथांनाही ते रोज दिसत होतं. उसाच्या गाड्या मधून गेल्या की तेवढा वेळ कपाट झाकलं जायचं, मग पुन्हा समोर.

कानिफनाथांच्या दुकानात आता नुसता चकचकाट होता. तो माल ते विकायचे, पण ज्याला विकायचे त्यालाच शिव्या द्यायचे. गिऱ्हाईक कमी झालं.

पावसाळ्यानंतर पलीकडच्या घड्याळाचा काटा थांबला. सेल संपला होता. सहादेवांनी तो बदलला नाही, काढलाही नाही. संपलेला स्वस्त सेल आत राहिला की फुटतो, त्यातला खार मशीन खातो. हे कानिफनाथांना ठाऊक होतं, सहादेवांना नव्हतं. कानिफनाथ बसल्या जागी चुळबुळत राहिले. लंकाबाईंनी विचारलं, “भावजींना सांगून तरी या. काय जातंय?”

“त्येनं येऊन इचारावं.”

“त्येला ठावं असतं तर इचारलं असतं ना?”

शेवटी एका दुपारी कानिफनाथ रस्ता ओलांडून गेले. आमच्या गॅलरीतून सगळं ऐकू येत होतं.

“त्या घड्याळातला सेल काढ.”

सहादेव वर्तमानपत्र वाचत होते. “का?”

“फुटंल आत. मशीन जाईल.”

“मग? उघडायला तुझ्याकडं आनू? मशीन काढून प्लास्टिकचं बसवशील.”

“तू उघड. तुझ्या हातानं उघड.”

“मी उघडलं आन बिघडलं, का तू हसायला मोकळा. दादा, वाटे पाडताना तू माझ्या भल्याचंच सांगत हुतास. चालू माल घे म्हनला हुतास. आठवतंय?”

कानिफनाथांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. मग म्हणाले, “खरं सांगतोय मी.”

“व्हय. जा आता, उनात उभा ऱ्हाऊ नको.”

थंडीत शिर्डीला जाणारा एक मुंबईचा माणूस बससाठी थांबला होता. जुन्या घड्याळांचा शौकीन असावा. टपरीसमोर तो थबकला, घड्याळ मागून घेतलं, हातावर तोलून बघितलं, तोंडभरून स्तुती केली आणि मशीन बघायला मागितलं. सहादेवांनी चाकूच्या टोकाने झाकण उचकटलं. त्या माणसाने नाक आक्रसलं, घड्याळ तसंच तळहातावर घेतलं आणि रस्ता ओलांडून आमच्या खालच्या दुकानात आला. मागोमाग सहादेव.

“हे दुरुस्त होईल का हो?”

कानिफनाथांनी भिंग लावलं. सेलभोवती हिरवट-पांढरं पीठ साचलं होतं, गुळाच्या ढेपेवर बुरशी यावी तसं. बारीक तारेचं वेटोळं त्यात विरघळून गेलं होतं.

“न्हाई,” ते म्हणाले. “कॉईल गेली. असली आता मिळत न्हाई.”

तो माणूस हळहळला आणि बसकडे पळाला.

“गिऱ्हाईक तोडलंस,” सहादेव पायरीवरून म्हणाले. “आन तूच लावलीस ह्याला नजर. त्या दिवशी येऊन बोललास, तवाच गेलं ते.”

कानिफनाथांनी चिमट्याने तो फुटलेला सेल काढून काचेवर ठेवला. ब्रशने पीठ झाडलं, झाडता येईल तेवढं. झाकण बोटांनी दाबून बसवलं, आणि घड्याळ भावापुढे सरकवलं.

सहादेवांनी ते खिशात टाकलं. पायरी उतरता उतरता ते परत वळले आणि हात पुढे केला.

“सेल पन दे,” ते म्हणाले. “माझ्या वाट्याचा हाय.”