ओढ्यापलीकडचं आईचं शेत

इदालीनामावशीला खोटं बोलता येत नाही, याचं गावाला फार कौतुक. मला विचाराल तर त्या कौतुकानेच आम्हाला बुडवलं.

आमच्यासारख्या गावाला किलोंबो म्हणतात. गुलामीतून पळालेल्या आमच्या पूर्वजांनी रिबेरा नदीकाठी वसवलेलं. आमच्यात दोन-तीन पिकं काढली की शेत रानाला सोडून देतात. जमीन निजली, असं म्हणतात. निजलेल्या जमिनीला कुणी 'माझी' म्हणायचं नाही, तिची झोपमोड होते. सरकारी मोजणीवाले आले तेव्हा ओढ्यापलीकडचं मावशीच्या आईचं शेत असंच निजलेलं होतं.

साहेबाने विचारलं, "आजी, हे रान कुणाचं?"

"कुणाचंच नाही," मावशी म्हणाली.

झालं! साहेबाने आमची हद्द ओढ्यावरच थांबवली. मग पलीकडे एका गुरंवाल्याने तारा ठोकल्या, रान जाळलं आणि गवत पेरलं.

मावशीचा जन्म तिथला. तिची नाळ तिथल्या फणसाखाली पुरलेली. संध्याकाळी ती उंबऱ्यात बसून पलीकडे बघत राहायची. आईच्या कसाव्याचं, त्या कंदाचं, वाण तिने मागीलदारी कांडीवर कांडी लावून जगवलं होतं, पण जेवताना दर वेळी म्हणायची, "तिकडचा पिवळाधमक निघायचा गं. त्या मातीतला एकदा खायचाय, मग मेले तरी चालेल."

तिचा भाऊ ओझोरिओमामा टोमणा मारायचा, "तेव्हा तोंड मिटून बसली असतीस, तर आज तिथेच बसून खाल्ला असतास."

"आणि तू कुठे होतास? मासे मारायला ना?"

मामा ताट उचलून बाहेर जायचा.

आम्ही वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे मोजणीवाले परत आले. मावशीकडून आम्ही उत्तर घोकून घेतलं होतं. तरी साहेबाला दोनदा विचारावं लागलं. शेवटी खाली मान घालून म्हणाली, "आमचं आहे," आणि हातानेच डोळे पुसत घरी निघून गेली.

हद्द सरकली. यंदा लावणीच्या तोंडावर तारा निघाल्या आणि अख्खं गाव ढोल वाजवत, कॉफीची किटली घेऊन ओढा ओलांडून गेलं. कसाव्याच्या कांड्यांचा भारा मावशीच्या डोक्यावर. मी मागितला तर म्हणाली, "हात लावशील तर बघ."

फणस नव्हता. बुंधाही नव्हता. मावशी गुडघ्यांवर बसली आणि कोयत्याच्या टोकाने माती उकरू लागली. गुरांनी तुडवून दगड झालेली माती. एक गांडूळ नाही. मूठभर घेऊन तिने वास घेतला आणि तशीच बसून राहिली.

"खड्डे कुठून घ्यायचे?" मामाने विचारलं.

"नको. दमलीये ही. निजू दे."

"अगं, जन्मभर वाट पाहिलीस. ही उठेपर्यंत तू..."

"नसेन. ठाऊक आहे मला."

ढोल कधी थांबला कळलं नाही. मला रडू आवरेना. मावशीने भारा पुन्हा नीट बांधला आणि या वेळी माझ्या डोक्यावर ठेवला.

"मागीलदारी लाव. वाण मरू देऊ नकोस."

"आणि कुणी विचारलं, हे रान कुणाचं, तर?"

तिने जमिनीवरून हात फिरवला.

"आमचं म्हणून सांग. पण हळू सांग."