तेलाचा देश आणि आबांची उशी

आमचे हे इराणात तेलाच्या बंदरावर फिटर होते. लग्नानंतर लगेच गेले आणि रजेवर आले, ते सामानापेक्षा गोष्टीच जास्त घेऊन. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावातली माणसं संध्याकाळी त्या ऐकायला अंगणात जमायची.

"जमिनीखाली तेलाचा समुद्र," हे सांगायचे, "पण साधा खिळा हवा तर बोटीनं येतो. यंत्रं बाहेरची, ती चालवणारे बाहेरचे. तिथल्या माणसांनी नुसती ओझी वाहायची."

माझे सासरे, आबा, मांडी थोपटून हसायचे. "येडा शेतस बठ्ठा!" म्हणजे सगळेच वेडे.

यांना खरं तर परत जायचंच नव्हतं. गोठ्याजवळच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं: विहिरीवरची इंजिनं, शिवणयंत्रं, सायकली. मलाही यांनी जायला नको होतं. हो, नकोच होतं! पण आबांचं उत्तर ठरलेलं. कापसाला भाव आहे, तिकडे पगार आहे, मग हा खटाटोप कशाला?

माझं माहेर साक्रीकडचं. तिथं बाजरी, नागली, भुईमूग, थोडं थोडं सगळं पिकायचं. इथं बांधापर्यंत कापूसच कापूस. ज्वारी विकतची, डाळ विकतची. आपलाच कापूस सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात घालायचा आणि गुरांसाठी त्याचीच सरकी तिथून विकत आणायची. तीही काय ऐटीत, विचारू नका.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा भलतेच रंगात आले होते. पाहुण्यांसमोर त्या तेलवाल्या देशाची टिंगल चालली होती. तेवढ्यात देवापुढून सासूबाई ओरडल्या, "वात वळाले कापूस कुठे शे?"

आम्ही घर पालथं घातलं. भाव चढला म्हणून आबांनी कानाकोपरा झाडून सगळा कापूस जिनात पाठवलेला! शेजारी विचारलं, तर तिथंही तीच तऱ्हा. शेवटी मी आबांचीच उशी उसवली. पाहुणे हसून हसून लोळायचे तेवढे बाकी राहिले. आबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मला वाटलं, आता तरी उमजेल. कसलं काय! जेवणं झाल्यावर मोठ्या तोऱ्यात पाहुण्यांना म्हणाले, पोरगा सोमवारी निघतोय, बोट ठरली आहे. हे मान खाली घालून बसले. आमच्याकडे सून सासऱ्यांपुढे तोंड उघडत नसे. तरी दाराआडून मी बोलून गेले, "आबा, बठ्ठं इकी टाकं. आते घरना माणूसबी इकतस का?"

सुनेशी थेट बोलायची आबांनाही रीत नव्हती. त्यांनी उसवलेल्या उशीकडे पाहिलं. मग सासूबाईंना म्हणाले, "सूनले सांग, गोठाजवळनी खोली झाडी ठेव."