इंजिनाला पाजलेलं नारळपाणी

आमच्या ह्यांचं एक होतं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची तर बॉनेट उघडून. नुसता हार घालून त्यांचं भागायचं नाही. नारळ फोडला की पाणी थेट इंजिनावर शिंपडायचे. "तिलेही प्रसाद भेटू दे न." मी म्हणायची, "तिले काय तोंड हाय?"

त्या वर्षी त्यांचा सारा जीव त्या गाडीवरच होता. दोन्ही किडन्या गेलेल्या. ढाणकीजवळच्या आमच्या गावाहून पोरगा त्यांना डायलिसिसला पुसदला न्यायचा, मी सोबत.

दिवाळी झाली आणि गाडीत स्पीडच्या काट्याजवळ इंजिनाचा पिवळा दिवा लागला. उमरखेडच्या मेकॅनिकचाचांनी तपासायचं मशीन लावलं, तर बिघाडाचे कोडच कोड! हवेचा सेन्सर, थ्रॉटल, अजून काय काय.

"भाभी, ये तो पूरी बारात है," चाचा म्हणाले.

मागच्या सीटवरून हे बोलले, "माह्या रक्ताच्या रिपोर्टावानी झालं. सारंच बिघडलं."

चाचांनी एक सेन्सर बदलला, कोड पुसले. दिवा विझला. दिवा विझला की दुखणं गेलं असंच वाटतं बाई माणसाला.

पुढच्याच खेपेला पुसदच्या रस्त्यावर गाडी बंद. ट्रॅक्टरला बांधून परत चाचांकडे आणली. ह्यांचे पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती.

"बाबा, दुसरी गाडी पाह्यतो," पोरगा म्हणाला.

"कायले? चाचा म्हणून राह्यले न, घंटाभरात दुरुस्त होते. आपली गाडी सोडून मी जात नाही."

त्यांच्यापुढे कधी कोणाचं चाललं?

घंटा गेला, दुपार गेली. चाचांनी अजून एक सेन्सर बदलून पाहिला. कोड तेच. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "इतके रोग एकदम होत नाही. मूळ एकच असन." वायर धरून धरून खाली गेले. जिथं सगळ्या सेन्सरांच्या अर्थिंगची जाड वायर बॉडीला कसलेली असते, तिथं हिरवी चिकट बुरशीसारखी खपली. तिच्यात झेंडूची वाळकी पाकळी.

"इथं साधं पाणी नाही पडलं. काय टाकलं, भाभी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीत डोळे मिटून तोंडानं श्वास घेत होते. चाचांनी माझी नजर ओळखली. ते ब्रशनं खपली घासू लागले.

गाडी निघाली तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"वायर सैल होती," मी सांगितलं.

"पाह्य. म्हटलं होतं न, दुरुस्त होते म्हणून."

पुसदला पोचलो तर आमची पाळी दुसऱ्याला दिलेली. ऑक्सिजन लावून बसवून ठेवलं. डायलिसिसचं मशीन रिकामं झालं तेव्हा त्याला लावायला हे उरले नव्हते.

यंदा दसऱ्याला पोरानं नारळ फोडला, पाणी चाकापाशी मातीत ओतलं. बॉनेट उघडलं नाही. गाडी छान चालते. दिवा काही परत लागला नाही.