धाकटीच्या वह्या

धाकटी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण शिकवायला दोघी एकाच शाळेत. मी सातवीला, ती चौथीला. माझा राग नाकावर असतो. तिचा कुठे असतो, ते मला चाळीस वर्षांत सापडलं नव्हतं.

दर सुट्टीत ती जुन्या वह्यांतली कोरी पानं गोळा करायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा मांडायची आणि दाभणाने छत्तीस वह्या शिवायची. वर्गात सांगायची, "ही तुमची वही. वाटेल ते लिहा. ऐकलेलं, बघितलेलं, मनातलं, अगदी थापासुद्धा. तुम्ही दाखवल्याशिवाय मी वाचणार नाही, आणि लाल पेन तर लावणारच नाही." मी म्हणायचे, ठेव लाडावून. पण तिची पोरं मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून लिहीत बसायची आणि माझ्या सातवीतल्या घोड्यांच्या, निबंध म्हटला की, पोटात दुखायचं. मला हेवा वाटायचा, लपवण्यात काय अर्थ आहे.

तिच्या वर्गात एक मुलगी होती. आई गेल्यापासून ती शाळेत एक अक्षर बोललेली नव्हती. मुलं तिला मुकी म्हणायची. वही मात्र भरत होती, आणि एक दिवस तिने ती आपणहून धाकटीच्या हातात दिली. त्या संध्याकाळी धाकटी भांडी घासता घासता रडली. "ताई, आता ती बोलेल बघ," म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात धाकटीला दोन दिवस प्रशिक्षणाला पाठवलं. इकडे मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. "उद्या तपासणीला साहेब येतायत. चौथीच्या त्या वह्यांवर एक लाल खूण नाही. तुमच्या बहिणीपायी शाळेची शोभा व्हायची. आजच्या आज तपासून टाका."

एरवी मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. तेव्हा त्यांना चार शब्द सुनवायला हवे होते. नाही सुनवले. गठ्ठा ओढला आणि बसले. आणि खरी लाज पुढेच आहे. तिसऱ्या वहीपासून मला मजा यायला लागली. पंचवीस वर्षं लाल पेन धरलेला हात, चूक दिसली की शिवशिवतोच. दोन तासांत छत्तीस वह्या संपवल्या, वर गुणसुद्धा दिले.

साहेब आले, चहा प्याले, सही ठोकली आणि गेले. एक वही उघडली नाही मेल्याने.

धाकटी परतली ती त्या मुलीची वही घेऊनच माझ्यासमोर उभी राहिली. पान उघडून धरलं. मुलीने लिहिलं होतं, 'आईच्या चपला अजून दारात आहेत. मी त्यांना रोज म्हणते आत या. त्या येत नाहीत.' खाली माझं वळणदार अक्षर होतं, 'चपला आत येत नाहीत. विचार करून लिहावे. पाचपैकी दोन.'

"हे तू वाचलंस, ताई?"

"अगं, छत्तीस वह्या होत्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या म्हणून..."

"त्यांचं राहू दे. त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. तू माझ्या मुलांना दिलेला शब्द मोडलास."

आवाज चढवला नाही तिने. मला वाटलं, हिने माझ्या मुस्काटात मारावी म्हणजे सुटेन. मग माझीच तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोलले. त्याने काय होणार होतं, दगड? शाई पुसली जात नाही.

दोन दिवसांनी ती मुलगी माझ्या वर्गाच्या दाराशी आली. धाकटीकडे नाही गेली, माझ्याकडे आली. वही उघडून टेबलावर ठेवली. पट्टीने समास आखला होता. वर शीर्षक, 'माझी आई'. खाली दहा ओळी. माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे उठते. ती मला रोज डबा करून देते. ती माझा अभ्यास घेते. सगळी वाक्यं पूर्ण, विरामचिन्हं जागच्या जागी, अक्षर मोत्यासारखं. मी शेवटपर्यंत वाचलं. एक चूक सापडली नाही.

मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "आता किती?"