आत्याचं प्रभुभोजन

गेल्या रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं; येशूची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा घेण्याचा हा विधी. त्या वेळी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भाकरीची थाळी घेऊन थेट मागच्या बाकापर्यंत चालत आले. तिथे माझी कमलआत्या बसली होती.

आत्याने सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली. सुट्टीतही ती कुणाच्या तरी आजारपणात धावत असायची. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आणि तिने देवळात येणंच सोडलं. त्या दिवशी मी तिला हट्टाने नेलं होतं.

"माझ्याच्याने आता काहीच होत नाही हो," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "कुठल्या तोंडाने घेऊ?"

"बाई, काही करून कुणाला मिळालंय हे? प्रभूवर विश्वास आहे ना?"

"तो आहे."

"मग घ्या."

उजवा हात उचलेना आणि डावा पुढे करायला तिला संकोच वाटत होता. पाळकसाहेबांनी तुकडा तिच्या तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले.

तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने मिळतं, कर्मांनी नाही, हे आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं. मला ते फार सोपं वाटायचं. जन्मभर देतच आलेल्या माणसाला नुसतं घेणं किती जड जातं, हे मात्र आत्याकडे बघूनच कळलं.

घरापाशी रिक्षा थांबली. मी भाडं देत होते, तेवढ्यात आत्या म्हणाली, "मला हात दे गं."

आजारी पडल्यापासून तिने असं कुणाला कधी म्हटलं नव्हतं.